भट्टीतला लाल

१

संध्याकाळी जाई साळवी शेडमध्ये आली तेव्हा भट्टीचा गॅस बंद होता, खिडक्या उघड्या होत्या आणि सुचित्रा पोंक्षे दाराशी पालथ्या पडल्या होत्या. ताई खाली पडलेलं काहीतरी शोधतायत असं जाईला वाटलं. तिने दोनदा हाक मारली. मग खांद्याला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. खांदा गार होता.

करंजाड्यात चहूकडे टॉवर उभे राहिलेत. त्यांच्या मधोमध हा एकच जुना बैठा बंगला उरला होता आणि त्याच्या मागे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये सुचित्राताईंनी उभा जन्म मातीची भांडी केली. ओल्या मातीवर कोळ्यांचं जाळं दाबून उठवलेला खरबरीत पोत आणि त्यावर तांब्याची हिरवी झिलई, ही त्यांची ओळख. त्यांचं जुनं भांडं कुणाच्या दिवाणखान्यात दिसलं, की जाणकार माणूस आधी ते उलटं करून तळाचा ठसा बघायचा आणि मग घरमालकाशी बोलायचा.

असिस्टंट इन्स्पेक्टर अस्मिता कोळी पोचली तेव्हा डॉक्टर आवराआवर करत होते.

"गाल बघा, कसे गुलाबी दिसतायत," ते म्हणाले. "भट्टीचा विषारी वायू. त्याला ना वास ना रंग. वयस्कर बाई, पत्र्याची शेड. झोपेतच गेल्या."

"झोपेत गेल्या तर दाराशी कशा?"

"येते कधीकधी जाग."

जाई कोपऱ्यात उकिडवी बसली होती. ती सात-आठ वर्षं ताईंकडे शिकत होती, आता तिशीला आली होती. तिने सांगितलं, की भट्टी लावली की खिडक्या उघड्या ठेवायच्या हा ताईंचा नियम. पण शेजारच्या टॉवरची धूळ ओल्या कामावर बसते म्हणून हल्ली त्या बंद करून घ्यायच्या. दार मात्र सताड उघडं. आज ती आली तेव्हा खिडक्याही उघड्याच होत्या.

"दाराला कडी?"

"फक्त बाहेरून. आतून लावायची कधी गरजच नव्हती."

"काही जागेवर नाही असं वाटतंय?"

जाईने शेडच्या मागे जाऊन बघितलं. तिकडे भट्टीचं धुराडं होतं. धुराड्याच्या गळ्याला एक खाच होती आणि त्या खाचेत जाड फरशी सरकवायची सोय. फरशी आत ढकलली की भट्टीचा श्वास कोंडतो, बाहेर ओढली की मोकळा होतो. फरशी बाहेर ओढलेली होती, असायला हवी तशीच. शेजारच्या खिळ्याला आगीचे हातमोजे टांगलेले असायचे. डावा होता. उजवा नव्हता.

अस्मिताने दार ओढून आतल्या बाजूवर टॉर्च मारला. सुकलेल्या मातीचे पांढरट डाग वरून खाली उतरत गेले होते. सगळ्यात खालचा तर उंबऱ्यापासून वीतभरच वर होता.

"हे नेहमीचेच?"

"नाही मॅडम. हात धुतल्याशिवाय ताई दाराला हात लावत नसत."

अस्मिता वाकली. ते ठसे तळव्यांचे नव्हते. मुठींचे होते.

२

आशुतोष पोंक्षे हा सुचित्राताईंच्या नवऱ्याचा पुतण्या. पनवेलला त्याचं जागांच्या खरेदी-विक्रीचं ऑफिस होतं. अस्मिता गेली तेव्हा तो फोनवर कुणाला तरी तेराव्याच्या जेवणाची ऑर्डर देत होता.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण खरं सांगू का मॅडम, हे होणारच होतं. या वयात भट्टी कशाला पेटवायची? किती वेळा सांगितलं, काकू, बंद कर, टॉवरमध्ये छान फ्लॅट घेऊन देतो, लिफ्ट आहे, टेन्शन नाही. ऐकायचीच नाही."

"जागा कोणाची?"

"काकांची. म्हणजे आता माझीच. बिल्डर किती वर्षं थांबलाय."

"शेवटचं कधी गेला होतात?"

"महिना झाला असेल. आमचं बोलणं बंदच होतं म्हणा ना."

बंगल्यासमोर भिमाबाई टपरी चालवायची. बांधकामावरच्या मजुरांना चहा, वडापाव. ती मूळची परभणीकडची. अस्मिताने काही विचारायच्या आतच ती बोलू लागली.

"म्हातारी लई सादी होती बघा. माझ्याकडून भाकर न्यायची कदीमदी. त्या दिवशी बी दोन नेल्या. दुपारच्याला तिचा पुतन्या आला व्हता, पांढऱ्या गाडीत. वरडत गेला आन् वरडतच भाईर आला."

"नक्की त्याच दिवशी?"

"म्हातारी गेली त्याच दिवशी. मी काय इसरते का?" तिने पातेलं खाली ठेवलं. "आन् ती पोरगी बी काय कमी न्हाई. आदल्या हप्त्यात म्हातारीनं तिच्या थोबाडीत दिली. सम्द्या गल्लीनं ऐकलं."

"कोणत्या पोरीच्या?"

"जाईच्या," भिमाबाई म्हणाली.

३

ताईंच्या भांड्यांचे जुने संग्राहक उदयसिंह इंगवले बेलापूरला खाडीसमोर एका उंच इमारतीत राहत. जहाज कंपनीतून निवृत्त झालेले, एकटे. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात पांढरे सुती हातमोजे होते. मोजे न काढताच त्यांनी नमस्कार केला.

घर घरासारखं नव्हतंच. पांढऱ्याशुभ्र भिंती आणि त्यांवर फळ्या. फळ्यांवर फक्त सुचित्रा पोंक्षे. सुरया, रांजण, वाडगे, झाकणाची भांडी. कुठे शेवाळासारखा हिरवा, कुठे काचेच्या बाटलीसारखा. आणि सगळ्यांच्या अंगावर जाळ्याची वीण. अस्मिताने नकळत एका सुरईवरून बोट फिरवलं. गाठ तिच्या ओळखीची होती. खाली खिडकीतून दिसणाऱ्या दिवाळे गावात ती तसल्या जाळ्यांवर लोळतच वाढली होती.

"हात नको," उदयसिंह हळूच म्हणाले. "त्वचेचं तेल खरखरीत भागात जाऊन बसतं. मग निघत नाही."

त्यांनी प्रत्येक भांड्याची ओळख करून दिली. हे कोणत्या साली, हे कोणाच्या घरून मिळवलं, कोणाच्या विधवेला त्याची किंमत कळत नव्हती. ते सांगताना त्यांना खरोखर आनंद होत होता.

एका कोनाड्याची आतली बाजू काळी रंगवलेली होती. तिथे एकच छोटी वाटी होती, लाल. साधा लाल नव्हे. ओठाशी पातळ, खाली उतरताना दाट होत गेलेला, नुकत्याच कापलेल्या माशाच्या कल्ल्यासारखा.

"ही पण त्यांचीच?"

"तिच्या एकुलत्या एका लाल भट्टीतली. फार जुनी. बाकीची तिने स्वतः फोडली. ही मी आधीच उचलून नेली होती, न विचारता. म्हणून वाचली." ते वाटीकडे बघत राहिले. "हिरव्याला पांढरी भिंत लागते. लाल मात्र पांढऱ्यावर बाजारू दिसतो. त्याला काळंच हवं."

"परत कधी लाल केलं नाही त्यांनी?"

"नाही. तीस वर्षं विनवलं मी तिला."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. आठवडाभर गेलो नव्हतो तिकडे."

निघताना अस्मिताचा हात भिंतीला लागला. तिथे नवीन रुंद कोनाडा फोडला होता, आत पाच खण, रिकामे. बाहीला चिकट काळा डाग पडला.

"माफ करा, रंग ओला आहे. रंगारी सकाळीच गेला," उदयसिंह म्हणाले. "तिच्या शेवटच्या कामासाठी. आशुतोषशी बोलून ठेवलंय, भट्टीत जे असेल ते मी घेणार. फक्त उघडायची घाई करू नका. गरम असताना वारा लागला तर तडे जातात. मी समोर असलो तर बरं होईल."

"नाही. पोलीस, जाई आणि पंच. बाकी कोणी नाही."

सुचित्राताईंच्या मरणाबद्दल बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नव्हता. तो आता हलला.

"निदान लांबून तरी?" त्यांनी विचारलं.

४

परतताना अस्मिता आईकडे थांबली. दिवाळ्यात बंदरावर बायजाबाई सुकत घातलेले बोंबील उलटत होती.

"ती मडकीवाली बाय गेली न गो?" तिनेच विचारलं. "आपल्याकरशी फाटकी जाली न्यायाची. मी तिला कती येला दिलीं."

"तू ओळखायचीस तिला?"

"तिला बी, तिच्या घोवाला बी. लय चांगला मानूस. दोगा मिलून भट्टी लावायचं. एकदा तिनी काय करला, लाल रंग काढायला म्हनून भट्टीचा धूर कोंडला. तो आत व्हता. जित्ता राहिला, पन डोका गेला त्याचा. सोताचा नाव पन आठवाचा नाय. तिनी त्याला लेकरावानी भरवला, मरंपर्यंत."

"कधीची गोष्ट?"

"तू झाली नव्हतीस तवाची." बायजाबाईने एक कुजका बोंबील वेगळा काढून मांजरीकडे फेकला. "मना बोलली व्हती, बायजा, आता मी परत कदी धूर कोंडनार नाय. मेली तरी नाय."

५

भट्टी निवल्यावर जाईने दाराच्या विटा एकेक करून काढल्या. हवालदार भगवान मोबाइलवर शूटिंग करत होता. पंच म्हणून आणलेले दोन मजूर कंटाळले होते.

शेवटची ओळ निघाली आणि मजूर पुढे सरकले.

वरच्या फळीवर पाच रांजण होते आणि पाचही लाल. जाळ्याच्या गाठींवर झिलई पातळ झाली होती, तिथे पोत पांढुरका उठला होता. खोलगट चौकोनांत रंग साचून काळसर झाला होता. ओलेच आहेत असं वाटत होतं. एका मजुराने बोट लावून बघितलं आणि बोट कोरडंच निघालं तरी पँटला पुसलं.

जाई मात्र खालची फळी बघत होती. तिथे तिची ताटं होती, पिवळ्या झिलईची. तिच्या पहिल्या प्रदर्शनासाठी वर्षभर राबून केलेली. त्यांच्यावर फोड आले होते आणि पिवळा जाऊन राखेचा रंग उरला होता. ती ताटांना हात न लावता रडू लागली.

"हे लाल कसे?" अस्मिताने तिला रडू दिलं आणि मग विचारलं.

"तांबं आहे मॅडम, तेच तांबं. भट्टीत हवा खेळती असली की हिरवा येतो. हवा कोंडली की लाल. धुराड्याची फरशी आत ढकलायची. मग आग गुदमरते, आणि तोच विषारी वायू बाहेर पडतो."

"हिरव्यासाठी लावलेली भट्टी चुकून लाल होईल?"

"ताईंच्या हातून? त्या फरशीला हात लावायच्या नाहीत. मी आदल्या आठवड्यात म्हटलं, ताई, एकदाच लाल करू, खिडक्या उघड्या ठेवू, मी बाहेर उभी राहते. त्यांनी मला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा." ती गालाला हात लावून बोलत होती. "आणि नंतर स्वतःच रडल्या."

अस्मिता शेडच्या मागे गेली. फरशी बाहेर होती, जाईने पहिल्या संध्याकाळी बघितली तशीच.

भट्टी कोंडली गेली होती. म्हणजे कुणीतरी ती फरशी आत ढकलली होती. आणि सुचित्राताई दाराशी मरून पडल्यावर कुणीतरी ती परत बाहेर ओढली होती.

६

आशुतोषला पोलीस स्टेशनात बोलावलं. पांढऱ्या गाडीचं नाव काढल्यावर त्याने पाणी मागितलं.

"गेलो होतो. मान्य. घाबरून खोटं बोललो. मॅडम, बिल्डर माझ्या डोक्यावर बसलाय. काकू जेवत होती. पिठलं-भाकरी. म्हणाली, मी मेल्यावर पाड काय पाडायचं ते. मी चिडून निघालो."

"दार?"

"उघडं. काकू खुर्चीत बसली होती. जेवली की ती तिथेच डुलकी काढते."

"भट्टी तेव्हा केव्हा संपणार होती?"

"मला काय माहीत? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बटण कुठलं ते पण माहीत नाही."

दुपारी शवविच्छेदनाचा अहवाल आला. पोटात पिठलं-भाकरी होती, जेमतेम पचायला लागलेली. जेवणानंतर थोड्याच वेळात मृत्यू. उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली.

अस्मिताने जाईला फोन केला. "त्या दिवशी भट्टी दुपारी संपली असेल का? जेवणाच्या सुमाराला?"

"शक्यच नाही. ताईंनी पहाटे पेटवली होती. झिलई वितळून गुळगुळीत व्हायला संध्याकाळ उजाडते. दुपारी गॅस बंद केला असता तर रांजण साखर लावल्यासारखे खरखरीत निघाले असते."

"ते तर आरशासारखे निघालेत."

जाईलाही उमगलं होतं.

"म्हणजे ताई गेल्यावर कुणीतरी..." ती म्हणाली.

"हो. दुपारभर भट्टी चालवली. प्रेत दाराशी ठेवून."

अस्मिताने फोन ठेवला आणि बराच वेळ कपाळ चोळत बसली. ज्याला नुसतं म्हातारीला मारायचं होतं तो दार उघडून पळाला असता. हा माणूस थांबला होता. त्याने आच वाढवली होती, कमी केली होती, भोकातून आत डोकावून बघितलं होतं. आशुतोषला ते जमणं शक्य नव्हतं. जमलं असतं जाईला. पण जाईने स्वतःची वर्षभराची ताटं त्याच भट्टीत ठेवून धूर कोंडला असता का? लालसाठी पिवळा मरतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

तिने कपाळावरचा हात खाली घेतला. बाहीवरचा काळा डाग धुऊनही गेला नव्हता.

भट्टी उघडायच्या आधीचा डाग.

७

उदयसिंहांनी या वेळी मोजे घातले नव्हते. अस्मिता भगवानला घेऊन आत आली. नव्या कोनाड्यातला रंग वाळला होता. पाचही खणांत छोटे दिवे बसवून झाले होते.

"रांजण आणलेत?" त्यांनी विचारलं.

"नाही. एक शंका होती. हे पाच खण तुम्ही काळे का रंगवले?"

"सांगितलं ना, तिच्या शेवटच्या कामासाठी."

"सुचित्राताई हिरवं काम करायच्या. तीसेक वर्षं फक्त हिरवं. हिरव्याला पांढरी भिंत लागते, हे तुम्हीच मला इथे उभं राहून सांगितलंत. तेव्हा भट्टी बंद होती. आत काय आहे ते जाईला माहीत नव्हतं, मला नव्हतं, कुणालाच नव्हतं. तुम्ही मात्र लालसाठी घर करून ठेवलं होतंत. आणि तेही पाच खणांचं."

उदयसिंह हसले. "काळा रंग आवडणं हा गुन्हा आहे?"

"नाही. वकील कोर्टात असंच म्हणतील आणि कोर्टही कदाचित हसेल." ती समोरच्या खुर्चीत बसली. "तुम्ही तिच्या शेजारी बसून किती भट्ट्या बघितल्यात? आच कधी वाढवायची, फरशी कधी सरकवायची, सगळं येतं तुम्हाला. फक्त माती येत नाही. ती तिच्याकडून करून घ्यावी लागते."

त्यांनी रिकाम्या खणातला एक दिवा लावून बघितला.

"रांजण स्टेशनात आहेत. माझ्या खोलीत, खिडकीशी. पूर्वेचा उजेड येतो."

त्यांची मान वर झाली.

"कसे निघालेत?" ते पुढे सरकले. "ओठाशी रंग टिकला का? पातळ होऊन पांढरा तर नाही ना पडला?"

"येऊन बघा. आधी उजवा हातमोजा कुठे आहे ते सांगा."

खाली खाडीत एक होडी परत येत होती. उदयसिंह तिच्याकडे बघत राहिले. मग खिडकीखालच्या मोठ्या जुन्या रांजणाजवळ गेले, झाकण काढलं आणि बाजूला उभे राहिले. भगवानने आत हात घालून मोजा बाहेर काढला. तळव्याशी तो जळून काळा पडला होता आणि मनगटापाशी पांढऱ्या मातीच्या बोटांचे ओरखडे होते. बोटं बारीक होती, बाईची.

"मी तिला मारायला गेलो नव्हतो," ते म्हणाले. "मागच्या बाजूने गेलो. आशुतोष ओरडत होता, तो जाईपर्यंत थांबलो. ती जेवून पुन्हा मातीला बसली आणि भरल्या हातांनी तशीच झोपली. मी फक्त फरशी सरकवली. म्हटलं, तिला जाग येईपर्यंत काम होईल."

"आणि जाग आली."

"लवकर आली. दारातून बाहेर येऊन माझ्या हाताला झोंबली. म्हणाली, उदय, काढ ती. मी तिला आत ढकललं आणि कडी लावली."

"का?"

या प्रश्नाचं त्यांना मनापासून नवल वाटलं.

"ती बाहेर राहिली असती तर तिने फरशी ओढली असती. आग तेव्हा नुकती वळत होती. तेवढ्यात हवा लागली असती तर सगळं संपलं असतं."

"ती दार वाजवत होती."

"थोडा वेळ."

"तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"ज्वाळेचा रंग बघत होतो. धुराड्याच्या तोंडाशी हिरवट ज्योत येते. फार सुंदर असते. आवाज थांबल्यावर दार-खिडक्या उघडल्या. मग खुर्ची भट्टीजवळ ओढली. कुणीतरी ती पूर्ण करायलाच हवी होती ना?"

भगवान तोंड फिरवून उभा राहिला.

"दार उघडलं असतंत तर ती वाचली असती," अस्मिता म्हणाली.

"हो," उदयसिंह म्हणाले. "आणि लाल गेला असता."

त्यांनी कपाटातून धुतलेला शर्ट काढला, केस विंचरले आणि सुती मोज्यांची नवी जोडी खिशात घातली. लग्नाला निघालेल्या माणसासारखे ते लिफ्टमध्ये शिरले.

८

स्टेशनात अस्मिताची खोली पश्चिमेला होती. खिडकीशी जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या नंबरप्लेटा रचलेल्या होत्या.

"कुठे आहेत?" उदयसिंहांनी विचारलं.

"गोडाऊनमध्ये. सुतळी बांधून, लाख लावून. आता कोर्टाच्या हुकमाशिवाय मलाही सोडता येणार नाही."

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"हो," ती म्हणाली. "दिला होता."

त्यांनी आरडाओरडा केला नाही. फक्त खिशातले मोजे काढले आणि बाकावर बसून कोठडीत नेईपर्यंत त्यांच्या घड्या करत राहिले.

आशुतोषने शेड पाडली. जाईने ती ताटं मलब्यातच टाकली आणि खारघरच्या एका शाळेत क्राफ्ट टीचरची नोकरी धरली. मातीला हात लावत नाही, मुलांकडून कागदाची फुलं करून घेते. बातमी छापून आल्यावर स्टेशनला फोन येऊ लागले. पहिला पुण्याहून आला, मग दिल्लीहून. शोकसमाचाराचे नव्हते. पाच रांजणांचा लिलाव कधी होईल, आणि त्यांना तडा वगैरे गेला नाही ना, एवढंच लोक विचारत होते. एका बाईंनी तर विचारलं, म्हातारी मेली तेव्हाच रंग चढत होता हे लेखी मिळेल का.

इंगवल्यांच्या वकिलांनी रांजण दाखवण्यासाठी दोनदा अर्ज केला. पंचनाम्याची छायाचित्रं पुरेशी आहेत म्हणून कोर्टाने दोन्ही वेळा फेटाळला.

आरोपपत्र तयार झाल्यावर नियमाप्रमाणे त्याची एक प्रत तळोज्याच्या तुरुंगात आरोपीला मिळाली. शेवटच्या पानांवर छायाचित्रं होती. प्रत झेरॉक्स होती. झेरॉक्समध्ये लाल रंग काळा येतो. पाच काळे गोळे, पोत नाही, ओठ नाही, काही नाही.

आठवड्याभरात तुरुंगातून अर्ज आला. सुंदर, जुन्या वळणाचं अक्षर. बाकी काहीही नको, जामीनही नको, कृपया छायाचित्रांची रंगीत प्रत मिळावी, एक पान मिळालं तरी चालेल.

अस्मिताने तो दोनदा वाचला. पलीकडच्या टेबलावर भगवान नव्या प्रिंटरवर गणपतीच्या वर्गणीची रंगीत पत्रकं छापत होता. तिने पेन उचललं आणि अर्जाच्या खालीच उत्तर लिहिलं.

"या कार्यालयात रंगीत प्रतीची सोय नाही."